लिंबू ताटात हवं, चेहऱ्यावर नको : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात लिंबाबद्दल जे काही विचारायचंय ते विचारा असं आपण मागच्या अंकात म्हटलं होतं आणि प्रश्नांचा अक्षरशः पाऊस पडला. त्यातले बरेचसे चेहऱ्याबद्दलचे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे त्वचेबद्दलचं माझ्या रोजच्या कामातलं आहे. दात, किडनी, आहार याबद्दलची उत्तरं मात्र त्या त्या विषयातल्या डॉक्टर मंडळींशी बोलून, पक्की करून मगच लिहिली आहेत.

प्रश्न : मॅडम, माझं वय 21. पिंपल्स गेले की काळे डाग मागे राहतात. व्हिडिओ बघून रोज रात्री कापसाने लिंबाचा रस लावते, सकाळी धुते. लावलं की चरचरतं आणि आता गाल लाल झालेत, सोलवटल्यासारखे वाटतात. मैत्रिणी म्हणतात चरचरतंय म्हणजे काम करतंय, आणि लिंबात व्हिटॅमिन सी असतंच ना. चालू ठेवू का?

अगं नको, आजच बंद कर. चरचरणं म्हणजे काम चाललंय असं नसतं, तुझी त्वचा तुला सांगतेय की मला भाजतंय.

नीट समजावून सांगते. आपल्या त्वचेचा वरचा थर स्वतःच थोडा आम्लधर्मी असतो, पीएच (म्हणजे आम्लपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) साधारण 4.5 ते 5.5. लिंबाच्या रसाचा पीएच असतो 2 ते 2.5 च्या आसपास. आकडे जवळजवळ वाटतात पण पीएचच्या मोजपट्टीत एकेक आकडा म्हणजे दहापट फरक, म्हणजे तू रोज रात्री त्वचेपेक्षा शेकडो पट आम्ल असलेली गोष्ट लावून झोपतेस आणि ती सात-आठ तास तशीच राहते. रसात 5-6 टक्के सायट्रिक अ‍ॅसिड असतं. आता तू म्हणशील की पार्लरमध्ये पील करतात तेही अ‍ॅसिडच की, हो, पण त्याची टक्केवारी ठरलेली असते, पीएच ठरलेला असतो, किती मिनिटं ठेवायचं ते ठरलेलं असतं आणि वेळ झाली की ते काढून टाकतात. लिंबाला यातलं काहीच नाही, एक लिंबू जास्त आंबट, दुसरं कमी.

आता व्हिटॅमिन सी. हा गैरसमज इतका पसरलाय की मला त्याबद्दल खरंच तळमळीने बोलावंसं वाटतं. 100 ग्रॅम लिंबाच्या रसात व्हिटॅमिन सी असतं 30 ते 40 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 ते 0.04 टक्के. डागांसाठी जे सीरम वापरतात त्यात असतं 10 ते 20 टक्के. म्हणजे किमान अडीचशे पट फरक आहे! थोडक्यात चेहऱ्याला लिंबू लावलं की व्हिटॅमिन सी मिळतं नावापुरतं आणि अ‍ॅसिड मिळतं भरपूर.

आणि खरी मेख पुढे आहे. आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या त्वचेला जरा कुठे इजा झाली, सूज आली की ती जागा काळी पडते. तुझे पिंपल्सचे डाग तसेच तर आलेत. म्हणजे डाग घालवायला तू जी जळजळ रोज ओढवून घेतेस ती नवे डाग तयार करतेय. लिंबू लावून लावून गाल आधीपेक्षा गडद झालेल्या मुली माझ्याकडे सतत येतात.

मग काय करायचं? पहिले दोन-तीन आठवडे काही म्हणजे काहीच नको, साधा सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा जास्त, दोन बोटांवर मावेल एवढं, उन्हात असशील तर दर दोन तासांनी परत. सनस्क्रीनशिवाय डागांवर कुठलाच उपाय टिकत नाही. लाली पूर्ण गेली की मग पिंपल्स थांबवायचे, कारण पिंपल येतच राहिले तर डागही येतच राहणार. त्यासाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के किंवा अ‍ॅडापलीन चालतं आणि डागांसाठी अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, पण कुठलं आणि किती हे डॉक्टरांना चेहरा दाखवून ठरव. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, तेवढा धीर धर. डाग जातात गं, खरंच जातात, फक्त त्यांना रोज नव्याने खाजवायचं नाही.

प्रश्न : घरी कार्यक्रम होता, अंगणात बसून भरपूर लिंबं पिळली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताला आग सुटली, तिसऱ्या दिवशी फोड आले आणि आता तपकिरी पट्टे उठलेत, मनगटापासून कोपरापर्यंत ओघळ आल्यासारखे. काही चावलं का? की लिंबाची अ‍ॅलर्जी? आजवर कधी त्रास नव्हता.

काही चावलेलं नाही आणि ही अ‍ॅलर्जीपण नाही. तुमच्या वर्णनावरून हे लिंबू आणि ऊन या दोघांनी मिळून केलेलं दिसतंय, फायटोफोटोडर्मटायटिस म्हणतात याला. लिंबाच्या रसात आणि त्याहून जास्त सालीत फ्युरोकूमॅरिन नावाची द्रव्यं असतात. ती नुसती त्वचेला लागली तर काही होत नाही, पण त्यावर ऊन पडलं, म्हणजे उन्हातले यूव्हीए किरण पडले की ती जागी होतात आणि पेशींना इजा करतात. कुणालाही होऊ शकतं, आधी कधी झालं नव्हतं याला अर्थ नाही, तेव्हा कदाचित तुम्ही सावलीत बसून पिळली असतील.

तुम्ही लिहिलेला क्रम अगदी ठरल्याप्रमाणे आहे. लगेच काही होत नाही म्हणून लिंबावर संशयच जात नाही, साधारण 24 तासांनी आग सुटते, दोन-तीन दिवसांत फोड जोरात येतात, मग ते सुकतात आणि तपकिरी डाग उरतो. आणि डागाचा आकार बघा ना, रस जिथून ओघळला त्याच रेषा. लिंबू पिळताना मनगट वर केलं की रस कोपराकडे ओघळतो, तोच नकाशा हातावर उमटलाय. लहान मुलांच्या अंगावर तर कधीकधी मोठ्यांच्या पंजाचा ठसा उमटलेला सापडतो, कारण लिंबू पिळलेल्या हाताने बाळाला उन्हात उचलून घेतलेलं असतं. असे ठसे पाहून मुलाला मारहाण झाली असावी असा संशय आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, इतके ते हुबेहूब दिसतात.

आता फोड असतील तर फोडू नका, गार पाण्याची पट्टी ठेवा, जास्त आग असेल किंवा फोड मोठे असतील तर डॉक्टरांना दाखवा, काही दिवस स्टिरॉइडचं मलम देतात. तपकिरी डाग काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत राहतो आणि आपोआप फिका होतो, फक्त त्याच्यावर ऊन पडू देऊ नका. आणि कृपा करून तो डाग घालवायला लिंबू चोळू नका, हे मला सांगावं लागतंय कारण लोक खरंच चोळतात.

पुढच्या वेळी घरात, सावलीत पिळा आणि उन्हात जाण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवा, नुसतं पाण्याखाली धरून भागत नाही. ज्यांना केस हायलाइट करायला लिंबू लावून उन्हात बसायचा सल्ला मिळालाय त्यांनीही हे उत्तर दोनदा वाचावं, कारण तो रस कपाळावर आणि मानेवर ओघळतोच.

प्रश्न : माझा मुलगा 13 वर्षांचा आहे. मानेच्या मागे काळं काळं झालंय, काखेतपण. रोज लिंबू आणि साखर घेऊन घासते, तो रडतो पण निघत नाही. मळ इतका कसा चिकटतो? थोडा जाड आहे, बाकी तब्येत चांगली आहे.

ताई, आधी ते घासणं थांबवा. तो मळ नाहीये. मुलाने अंघोळ नीट न केल्यामुळे हे झालेलं नाही, त्यामुळे त्याला त्याबद्दल बोलूही नका, या वयात मुलं असं बोलणं फार मनाला लावून घेतात.

एकदा उजेडात नीट बघा. ती जागा नुसती काळी आहे की जरा जाडसर, हात लावला तर मखमलीसारखी लागते आणि आडव्या बारीक रेषा दिसतात? तसं असेल तर ते बहुतेक अकँथोसिस निग्रिकन्स आहे. नाव भारी आहे पण कारण समजायला सोपं आहे. शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नाही तेव्हा स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन बनवत राहतं आणि ते वाढलेलं इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं, म्हणून मान, काख, जांघ अशा घड्यांच्या ठिकाणी त्वचा जाड आणि काळी होते. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये हे बरंच दिसतं. म्हणजे हा त्वचेवर दिसणारा निरोप आहे आणि तो आत्ताच मिळालाय ही चांगली गोष्ट आहे, कारण मधुमेह व्हायच्या आधीच हातात वेळ मिळतो.

मुलाच्या डॉक्टरांकडे जा, मान दाखवा, उपाशीपोटी साखर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, काय ते डॉक्टर सांगतीलच. घरात गोड पेयं आणणं थांबवा, रोज तासभर खेळ, आणि हे सगळ्यांनी मिळून करा, एकट्या मुलाला वेगळं ताट देऊन नको. वजन आणि इन्सुलिन ताळ्यावर आलं की मान हळूहळू उजळते. घासून मात्र ती आणखी काळी होते, कारण घर्षणानेही त्वचा जाड होते.

बऱ्याच मुलींनीही मानेबद्दल विचारलंय. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील आणि सोबत मान काळी असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या. आणि मोठ्या वयात, वजन वाढलेलं नसताना, उलट घटत असताना अचानक असं काळं पडलं तर अजिबात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जायचं.

प्रश्न : रोज सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू आणि दोन चमचे मध घेतो. वजन काही हललं नाही, उलट छातीत जळजळतं आणि दात गार पाण्याने शिवशिवतात. लिंबू शरीर अल्कलाइन करतं, मग अ‍ॅसिडिटी का वाढली? वय 38.

कारण लिंबू अ‍ॅसिडच आहे, घशातून उतरतानाही आणि पोटात पोचल्यावरही. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 एवढ्याच पट्ट्यात शरीर धरून ठेवतं, फुफ्फुसं आणि किडनी ते काम अहोरात्र करतात आणि ते आपल्या ग्लासभर पाण्यावर सोपवलेलं नाही. लिंबाने फार तर लघवीचा पीएच थोडा बदलतो, त्याचा उपयोग कुठे होतो ते पुढे मूतखड्याच्या प्रश्नात सांगते. शरीर आतून धुऊन निघतं वगैरेही काही नाही, ते काम लिव्हर आणि किडनी करतात.

वजनाचं म्हणाल तर लिंबाने चरबी वितळत नाही. एका लिंबाच्या रसात 10 कॅलरीसुद्धा नसतात, पण मोठ्या दोन चमचे मधात सव्वाशेच्या आसपास असतात. रोजच्या गोड चहाच्या किंवा कोल्ड्रिंकच्या जागी साधं लिंबूपाणी घेतलं तर वजनाला मदत होते, ती साखर वाचल्यामुळे. तुम्ही ते वर जास्तीचं घेताय.

आता दात, कारण तिथलं नुकसान भरून येत नाही. दाताचं वरचं कवच, इनॅमल, तोंडातला पीएच 5.5 च्या खाली गेला की विरघळायला लागतं आणि एकदा गेलेलं इनॅमल परत उगवत नाही. तुम्ही रोज सकाळी 2-3 पीएचचं पाणी घोट घोट करत पिता आणि बहुतेक त्यानंतर लगेच ब्रश करत असणार, म्हणजे मऊ पडलेलं कवच ब्रशने खरवडून काढता. शिवशिवणं त्याचंच आहे. दाताच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. लिंबूपाणी प्यायचंच असेल तर जेवणाबरोबर प्या, स्ट्रॉने प्या, चुळा भरा आणि नंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर ब्रश करू नका. छातीत जळजळणं थांबेपर्यंत उपाशीपोटी तर नकोच.

प्रश्न : लिंबू आणि खायचा सोडा लावून दात पांढरे होतात का? आणि हाच पॅक नाकावरच्या ब्लॅकहेड्सना चालेल का?

दोन्हीला नाही. दातांना लिंबू लावून घासणं म्हणजे इनॅमल काढणं, आणि ते पातळ झालं की आतला पिवळा थर जास्तच दिसायला लागतो. नाकावर म्हणाल तर सोडा आणि लिंबू एकत्र केले की फसफसतं, ते छान दिसतं पण तो फक्त कार्बन डायऑक्साइड निघतोय, ब्लॅकहेड्सशी त्याचा काही संबंध नाही. ब्लॅकहेड्सना सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश घ्या.

प्रश्न : कोंड्यासाठी आठवड्यातून दोनदा लिंबू लावते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, परत येतो. केसही कोरडे झालेत.

तेवढ्यापुरतं बरं वाटतं कारण अ‍ॅसिडने सुटलेले पापुद्रे निघून जातात. पण कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते, ती डोक्यावरच्या तेलावर जगते आणि लिंबाने ती आटोक्यात येत नाही. कीटोकोनॅझोल 2 टक्के, झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड यातल्या एखाद्या शॅम्पूने आठवड्यातून दोनदा केस धुवा. मुख्य म्हणजे लावल्यावर पाच मिनिटं तसाच ठेवा, बहुतेक जणी लावून लगेच धुतात आणि म्हणतात फरक नाही. फेस केसांना नाही, डोक्याच्या त्वचेला लागला पाहिजे. तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, चट्टे जाड आणि लालसर असले तर सोरायसिस वगैरे आहे का ते बघावं लागतं.

केसांच्या चमकेसाठी हवं असेल तर मगभर पाण्यात छोटा चमचाभर रस, शेवटी केसांवरून ओतायचा आणि साध्या पाण्याने परत धुवायचं, एवढं ठीक आहे. खाजवून जखमा झालेल्या असतील तर तेही नको.

प्रश्न : हिमोग्लोबिन 9.8 आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. मी शाकाहारी आहे. सासूबाई म्हणतात जेवताना लिंबू पिळून खा, रक्त वाढतं. खरं आहे का?

सासूबाईंचं बरोबर आहे आणि मला या प्रश्नाचा फार आनंद झाला, कारण लिंबाचं खरं कर्तृत्व इथे आहे. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या यातलं लोह शरीराला सहज घेता येत नाही, त्याचा मोठा भाग तसाच बाहेर जातो. लिंबातलं व्हिटॅमिन सी त्या लोहाचं रूप बदलतं, आतड्याला शोषता येईल असं करतं आणि ते विरघळलेलं ठेवतं. पण अट एक आहे, लिंबू आणि लोह एकाच वेळी पोटात हवं. सकाळी लिंबूपाणी आणि दुपारी पालेभाजी असं केलं तर हा फायदा मिळत नाही. म्हणून ताटातच पिळा, तेही भाजी गॅसवरून उतरवल्यावर, कारण व्हिटॅमिन सी उष्णतेने, हवेने कमी होतं. कापून ठेवलेल्या फोडीपेक्षा तेव्हाच कापलेलं लिंबू चांगलं. उलट चहा-कॉफी लोह अडवतात, ती जेवणानंतर किमान तासभर लांब ठेवा.

मात्र 9.8 नुसत्या लिंबाने वाढणार नाही, बायकांमध्ये 12 च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया म्हणतात. गोळ्या पूर्ण करा, आकडा सुधारला तरी डॉक्टर सांगतील तितके महिने घ्या कारण शरीरातला साठाही भरायचा असतो. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती लोहाबरोबर एकत्र घेऊ नका. आणि पाळीत खूप रक्त जातं का हे डॉक्टरांना आपणहून सांगा, बायका ते सांगतच नाहीत.

प्रश्न : सर्दी होऊ नये म्हणून लिंबू खावं म्हणतात, गरम पाण्यात पिळलं की सत्त्व जातं असंही म्हणतात. नक्की किती लिंबू खावं रोज?

सर्दी होऊ नये म्हणून लिंबाचा उपयोग नाही. व्हिटॅमिन सी नेहमी नियमित घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी साधारण 8 टक्के आणि मुलांची 14 टक्के कमी काळ टिकते असं बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलंय, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस वाचला. सर्दी झाल्यावर सुरू केलं तर तेवढंही खात्रीने दिसत नाही.

लिंबाने आजार बरा होतो हे जिथे निर्विवाद ठरलं तो आजार स्कर्व्ही. महिनोनमहिने समुद्रावर असलेल्या खलाशांच्या हिरड्या सडायच्या, दात पडायचे, जुन्या जखमा उघडायच्या आणि माणसं मरायची. 1747 मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या सर्जनने 'सॅलिसबरी' जहाजावर 12 आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी आणि एका जोडीला रोज दोन संत्री, एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एक कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता. इतकं उघड दिसूनही नौदलात सगळ्यांना लिंबाचा रस द्यायला 1795 साल उजाडलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे 19 व्या शतकात त्यांनी पिवळ्या मोठ्या लिंबाऐवजी छोट्या हिरव्या लिंबाचा साठवलेला रस द्यायला सुरुवात केली, त्यात मुळात व्हिटॅमिन सी कमी, त्यात साठवून आणखी कमी झालेलं, आणि 1875 च्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही परत आला. म्हणून ताजं महत्त्वाचं.

किती खावं? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला दिवसाला 45 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी पुरतं, काही देशांत याहून जास्त सांगतात. एका छोट्या लिंबाच्या दोन मोठे चमचे रसात साधारण 10 मिलिग्रॅम मिळतं. म्हणजे सगळी भिस्त लिंबावर ठेवू नका, एका पेरूत याच्या कितीतरी पट असतं, संत्री आणि ढोबळी मिरचीही चांगली. कोमट पाण्यात पिळून लगेच प्यायलं तर फार काही जात नाही, उकळू नका एवढंच.

प्रश्न : वडिलांना 8 मिमीचा मूतखडा आहे. कोणीतरी सांगितलं म्हणून रोज चार लिंबांचा रस देतोय, विरघळेल का? शिवाय ते प्रतिकारशक्तीसाठी व्हिटॅमिन सीची 1000 ची गोळी रोज घेतात.

आधी ती गोळी बंद करा. एवढं व्हिटॅमिन सी शरीराला लागत नाही, जास्तीचं लघवीवाटे जातं आणि जाताना त्यातल्या काहीचं ऑक्झलेट होतं, म्हणजे ज्यापासून बहुतेक खडे बनतात तेच. खडा होण्याची प्रवृत्ती असलेल्या पुरुषाने ही गोळी स्वतःहून घेऊच नये. एकाच माणसाला एका हाताने खडा विरघळवायला लिंबू आणि दुसऱ्या हाताने खडा वाढवणारी गोळी दिली जातेय, आणि दोन्ही तितक्याच काळजीपोटी, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

आता लिंबू. आहे तो 8 मिमीचा खडा लिंबाने विरघळणार नाही, बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते विरघळत नाहीत. 5 मिमीच्या आतले बरेचसे आपोआप पडतात, 8 मिमीचा अडकू शकतो, त्यामुळे युरॉलॉजिस्टना दाखवणं टाळू नका. पण पुढचे खडे होऊ नयेत यासाठी लिंबाचा उपयोग आहे आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. लिंबातलं सायट्रेट लघवीत कॅल्शियमला धरून ठेवतं, मग ते ऑक्झलेटशी जोडी जमवू शकत नाही. ज्यांच्या लघवीत सायट्रेट कमी आहे त्यांना जास्त फायदा, आणि ते 24 तासांच्या लघवीच्या तपासणीत कळतं. लिंबू भरपूर पाण्यातून, दिवसभरात विभागून द्या, साखर आणि मीठ न घालता, कारण मीठ जास्त झालं की लघवीत कॅल्शियम वाढतं. पाणी इतकं हवं की दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, खडा टाळण्यात सगळ्यात मोठा वाटा पाण्याचाच आहे. दूध-दही बंद करू नका, अन्नातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच पकडतं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं असेल, तर लिंबूपाणीही डॉक्टरांना विचारून. आणि दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. गोळीच्या कागदावर लिहिलंय की आंबट फळ चालत नाही, लिंबूपण बंद करू?

कागद पुन्हा नीट वाचा, त्यावर ग्रेपफ्रूट लिहिलेलं असणार. ते संत्र्यासारखं मोठं, कडवट फळ असतं. त्यातली फ्युरोकूमॅरिन द्रव्यं आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतात आणि मग सिम्व्हास्टॅटिन, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनसारखी औषधं रक्तात गरजेपेक्षा जास्त चढतात. बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच. पपनस आणि मार्मालेड करतात ती कडवट संत्रीसुद्धा त्याच गटातली, ती टाळा. जेवणात पिळलेल्या लिंबाने असा त्रास होत नाही, खुशाल खा.

प्रश्न : मासे साफ केल्यावर हाताला लिंबू चोळते. हेही बंद का?

नाही, हे चालू ठेवा! माशाचा वास ज्या अमाइन्समुळे येतो ती अल्कलीधर्मी असतात, लिंबाच्या आम्लाशी जुळून त्यांचे क्षार होतात आणि ते हवेत उडत नाहीत, म्हणून वास जातो. नखांचा पिवळेपणाही थोडा कमी होतो. फक्त हाताला चिरा नसाव्यात, नंतर साबणाने धुवा आणि क्रीम लावा.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे, खोकला आहे. लिंबाच्या रसात मध घालून चाटवलं तर चालेल ना? घरातले सगळे सांगतायत.

मध अजिबात नको, बोटाच्या टोकाएवढाही नको. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना त्याने काही होत नाही पण एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात, त्यांचं विष तयार होतं आणि बाळ लुळं पडू शकतं, श्वासही थांबू शकतो. शिजवलेल्या पदार्थात घातलेला मधही वर्षापर्यंत नको. लिंबाचा रस चाटवूनही खोकला थांबत नाही, उलट तोंडाभोवतीची कोवळी त्वचा लाल होते. दूध नेहमीसारखं आणि जरा जास्त वेळा पाजा, नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब घाला, खोकल्याचं औषध स्वतःहून देऊ नका. बाळाचा श्वास भरभर चालत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध ओढत नसेल किंवा ओठ निळसर वाटत असतील तर लगेच डॉक्टरांकडे न्या. आधी मध चाटवून झाला असेल तर घाबरून जाऊ नका, पण पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा, शी बंद झाली, रडणं क्षीण झालं, मान धरता येईना किंवा दूध गिळता येईना असं काही दिसलं तर ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्या आणि मध दिला होता हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.